तिसऱ्या परीक्षकाची नेमणूक

तीर्थस्वरूप आत्या,

धाकटीचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालत नाही, कारण साष्टांग घातल्यावर परत उठायला गुडघे लागतात आणि आपल्या घराण्यात चाळिशीनंतर ते कुणाकडेच शिल्लक राहिलेले नाहीत. हे मी भाची म्हणून नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणून लिहिते आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? उत्तरात "व्यायाम नियमित चालू आहे" असं कृपा करून लिहू नकोस. मी सध्या त्याच विषयावर संशोधन करते आहे. घरी करायला सांगितलेला व्यायाम खरोखर किती जण करतात, आणि किती जण तपासणीच्या आदल्या दिवशी घाईघाईने दोनदा करून दुसऱ्या दिवशी दुखरा, प्रामाणिक चेहरा घेऊन येतात, हे मला आता जगभरच्या पुराव्यानिशी माहीत आहे. (मी स्वतः मात्र रोज सकाळी पाठीचे आणि पायांचे व्यायाम उड्यांसकट न चुकता करते, हे जाता जाता सांगून ठेवते.) आईची तब्येत उत्तम आहे. आमच्या तीन मजल्यांचा जिना ती दिवसातून इतक्या वेळा चढते-उतरते की तिला वेगळा व्यायाम सुचवायची माझी हिंमत होत नाही. तिच्या या चढउताराचं कारण तुला ठाऊकच आहे. तळमजल्यावर दादाचा दातांचा दवाखाना, मधे त्याचं बिऱ्हाड, वर आई आणि मी. आणि दादाचं नि माझं बोलणं अजून बंद आहे, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं टपाल तिच्या पायांवरून जातं. (मला त्याचं विशेष काही वाटत नाही.)

भांडण झालं तेव्हा तू समोरच होतीस, पण नोंद पूर्ण असलेली बरी (पद्धतशीर बाई झाले आहे मी आता), म्हणून लिहिते. तुझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी पीएच.डी.ला नाव नोंदवलंय. त्यावर दादा हातात केकची बशी धरून म्हणाला, पोहणं झालं, चित्रकला झाली, आता हे, पुढच्या वर्षी काय? लोक हसले. मग मी म्हणाले की तुझ्याकडे तरी लोक दात दाखवायला कुठे येतात, बाहेरच्या मऊ सोफ्यावर टेकायला येतात. लोक आणखी हसले. दादाने बशी खाली ठेवली आणि तो निघून गेला. उरलेला केक तू त्याच्यासाठी झाकून ठेवला होतास, हे मी पाहिलं होतं. तो घ्यायला तो काही परत आला नाही.

तर पीएच.डी. मला वाटत होतं, संशोधनाचा आढावा म्हणजे दहा-बारा लेख जमवायचे, अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे, असं सगळ्यांना एकेक वाक्य वाढायचं आणि शेवटी "या विषयात आणखी संशोधनाची गरज आहे" म्हणून हात धुऊन मोकळं व्हायचं. तशी वीस पानं टाइप करून मी आमच्या सरांकडे गेले. (सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांच्या खोलीच्या खिडकीला एक काच नाही आणि तिथे कुणाच्या तरी जुन्या प्रबंधाचं पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ चिकटवलेलं आहे. तुमच्या प्रबंधाचं पुढे काय होणार ते आत शिरल्या शिरल्या कळतं.) सर फार कमी बोलतात. त्यांच्याकडे एकच शब्द आहे आणि तो ते सगळीकडे वापरतात, तो म्हणजे "कशावरून?" त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, हेच बारा लेख का? मी म्हटलं, चांगले आहेत. सर म्हणाले, कशावरून? आता खरं सांगायचं तर त्यातले पाच माझ्या मताचे होते, चार रुग्णालयातल्या माझ्या खणात आधीपासून होते आणि उरलेले फुकट मिळत होते. हे काही सरांना सांगण्यासारखं नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांना ते कळलं असावं.

मग त्यांनी मला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे काय ते समजावलं, आणि आत्या, तुला सांगते, मी त्या कल्पनेच्या प्रेमातच पडले. शोधायला बसायच्या आधी सगळं लिहून जाहीर करायचं: आपला प्रश्न नेमका काय, कुठल्या डेटाबेसमध्ये (म्हणजे लेखांच्या सूचीत) शोधणार, कुठले शब्द टाकणार, कसले अभ्यास घेणार आणि कसले कुठल्या कारणासाठी वगळणार. याला प्रोटोकॉल म्हणतात. एकदा तो लिहिला की नंतर एखादा गैरसोयीचा लेख समोर आला तरी त्याच्याकडे काणाडोळा करता येत नाही. तू शाळेत मुख्याध्यापिका असताना परीक्षेआधीच उत्तरपत्रिका तपासायचे नियम फळ्यावर लावायचीस, तसंच हे. फक्त इथे परीक्षा आपलीच असते. माझा पहिला प्रश्न होता, "लोक सांगितलेला व्यायाम का करत नाहीत?" सरांनी विचारलं, कुठले लोक, कसला व्यायाम, कुणी सांगितलेला, कशाच्या तुलनेत? प्रत्येक प्रश्नागणिक माझा प्रश्न लांब आणि अरुंद होत गेला. शेवटी उरलं ते असं: साठीच्या पुढच्या, गुडघेदुखी असलेल्या माणसांना घरी करायचा व्यायाम नुसता तोंडी सांगितला, आणि दुसऱ्या बाजूला तो सांगून अधूनमधून कुणी त्यांची विचारपूस करत राहिलं, तर दुसऱ्यांचा व्यायाम जास्त टिकतो का? तू म्हणशील, टिकणारच की, यात शोधायचं काय! मीही तेच म्हणाले होते. त्यावर सर काय म्हणाले असतील ते तू आता ओळखू शकतेस.

पण प्रोटोकॉल लिहिण्याआधी सरांनी मला बिब्लिओमेट्रिक विश्लेषण करायला लावलं, म्हणजे या विषयात कुणाचं काय चाललंय त्याचा आधी नकाशा काढायचा. यात लेख वाचायचे नसतात, मोजायचे असतात (हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता). कुठल्या वर्षी किती निघाले, कोण कुणाबरोबर लिहितं, कोण कुणाचा हवाला देतं, कुठले शब्द जोडीने येतात, ही सगळी माहिती एका प्रोग्रामला भरवली की तो रंगीत वर्तुळं काढून देतो. ज्याचे हवाले जास्त त्याचं वर्तुळ मोठं, ज्यांनी मिळून काम केलं त्यांच्यामध्ये रेघ. पहिला नकाशा निघाला तेव्हा मी तो मोठ्या कागदावर छापून रुग्णालयातल्या आमच्या व्यायामाच्या खोलीत, खांदे मोकळे करायच्या दोरीच्या चाकाशेजारी, लावला. एका आजोबांनी ते संधिवाताचे जंतू समजून जाताना दोनदा साबणाने हात धुतले.

त्या नकाशातलं सगळ्यात मोठं वर्तुळ एका संशोधकाचं होतं. दोन अक्षरी आडनाव, पुढे एकच आद्याक्षर. माझ्या तक्त्यानुसार त्याने गुडघ्यांवर लिहिलं होतं, कोळंबीच्या पैदाशीवर लिहिलं होतं, पुलांच्या जोडकामावर आणि लहान मुलांच्या दुधाच्या दातांवरही लिहिलं होतं, आणि एक दिवसाआड त्याचा एक लेख बाहेर पडत होता. मी भारावून गेले. रुग्णांना सांगायला लागले की बघा, माणसाने मनात आणलं तर काय होतं, आणि तुम्हाला दिवसातून दहा मिनिटं पाय उचलणं होत नाही! सरांना दाखवलं तर ते म्हणाले, हा एकच माणूस कशावरून? तर तो एक माणूस नव्हताच, अख्खा मोर्चा होता. त्या आडनावाची आणि त्या आद्याक्षराची जगात जितकी म्हणून माणसं होती ती सगळी प्रोग्रामने एकाच वर्तुळात कोंबली होती. उलट एका बिचाऱ्या बाईंची तीन वर्तुळं झाली होती, कारण त्या कधी एक आद्याक्षर लावत, कधी दोन, कधी सासरचं आडनाव. माझ्या नकाशाप्रमाणे त्यांची स्वतःशीच ओळख नव्हती. नावं हाताने तपासून जोडायची आणि तोडायची असतात, हे मला तेव्हा कळलं. पुढचे कित्येक दिवस मी तेवढंच केलं.

मग विभागात सगळ्यांसमोर नकाशा दाखवायची वेळ आली. पडद्यावर तो चांगला भिंतभर दिसत होता. अगदी कोपऱ्यात, कुणाशीही रेघ नसलेला, एक बारीक ठिपका होता. पुढे बसलेल्या एका प्राध्यापकांना तो पडद्यावरचा डाग वाटला आणि ते उठून रुमालाने पुसायला लागले. तो सरांचा लेख होता. सरांनी स्वतःच उठून सांगितलं, राहू द्या, निघणार नाही, तो माझा आहे. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं, पण सर खाली बसल्यावर मजेत हसत होते, आणि त्या दिवसापासून त्यांचा "कशावरून?" मला टोचेनासा झाला.

त्याच नकाशात आणखी एक गोष्ट होती, ती मी पडद्यावर दाखवली पण तिच्याबद्दल बोलले नाही. मधोमध दोन मोठे घोळके होते, एक निळा, एक नारिंगी. एक आमच्या फिजिओथेरपीवाल्यांचा, दुसरा माणसाच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्यांचा. दोघांचे शब्द तेच, प्रश्न तोच, वर्षंही तीच, दोघं अगदी शेजारी शेजारी, आणि मध्ये एक रेघ नाही. इतकी वर्षं एकमेकांचं एक अक्षर न वाचता दोघं तेच शोधत बसलेले. मला आधी हसू आलं. मग घरी येताना जिन्यात दादा समोरून आला. तो भिंतीला चिकटून उभा राहिला मला वाट द्यायला, मी कठड्याला चिकटले त्याला वाट द्यायला, आणि मधला जिना रिकामाच राहिला. आत्या, वर मी कंसात लिहिलंय की मला विशेष काही वाटत नाही, ते खोटं आहे. मला त्याची फार आठवण येते. रोज दिसणाऱ्या माणसाची आठवण येण्यासारखं वाईट काही नाही, कारण ती कुणाला सांगताही येत नाही.

असो. पुढे शोधमोहीम. पहिल्यांदा शब्द इतके सैल टाकले की रुग्णालयाच्या दारातून आजवर जितके रुग्ण आत आले नसतील तितके लेख आले. दुसऱ्यांदा इतके आवळले की दोनच आले, आणि त्यातला एक "आम्ही असा अभ्यास करणार आहोत" एवढंच सांगणारा होता. तिसऱ्यांदा जमलं. पण तीन डेटाबेसमध्ये शोधलं की एकच लेख तीन दारांनी घरात येतो, म्हणून जास्तीच्या प्रती काढून टाकायच्या असतात. मी प्रोग्रामला सांगितलं, एकसारखे असतील ते लाल कर. त्याने केले. मग मी सगळे लाल उडवले. (थांब, हसू नकोस, पुढे ऐक.) त्याने जास्तीच्या प्रती नाही, सगळ्याच प्रती लाल केल्या होत्या, मूळ प्रतीसुद्धा. म्हणजे जे लेख दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी नोंदवण्याच्या लायकीचे होते तेवढे घराबाहेर गेले आणि ज्यांना दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नव्हतं तेवढे माझ्याकडे राहिले. मी पुढे बरेच दिवस तेच चाळत होते आणि या क्षेत्रातलं संशोधन अत्यंत सुमार आहे असा कडक परिच्छेदही लिहून काढला होता. सरांनी विचारलं, एकही नावाजलेला लेख नाही, हे कसं? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पण आत्या, यातली गंमत पुढे आहे. शोधाचे शब्द, तारखा, गाळण्या, सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं होतं. एका बैठकीत तोच शोध पुन्हा लावला आणि उडवलेलं सगळं जसंच्या तसं परत आलं. माझ्या हातून बिघडलेली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण दुरुस्त झाली. कडक परिच्छेद मी फाडला आणि त्या दिवशी रुग्णालयातून घरी चालत आले, इतकं हलकं वाटत होतं.

आता मुख्य अडचण. आलेल्या प्रत्येक लेखाचं शीर्षक आणि गोषवारा वाचून तो घ्यायचा की वगळायचा हे एकट्या माणसाने ठरवायचं नसतं. दोन परीक्षक लागतात. दोघांनी वेगवेगळं बसायचं, आपापला निर्णय द्यायचा आणि काम संपेपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. माझ्या विभागातली मैत्रीण दुसरी परीक्षक होणार होती, तिची ऐन वेळी बदली झाली. इकडे विद्यापीठाचा तगादा: आढावा या सत्रात जमा झाला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे पोहणं, चित्रकला, पीएच.डी., अशी दादाची यादी पूर्ण होणार. सर म्हणाले, असं माणूस शोधा ज्याला वैद्यकीय इंग्रजी येतं, जे तुमच्या भिडेला बळी पडणार नाही, वेळ आली तर तुमच्या विरुद्ध मत देईल, आणि मुख्य म्हणजे जे तुमच्याशी बोलणार नाही. मी म्हटलं, सर, असं माणूस माझ्या घरात आहे.

आईकरवी विचारणा गेली. दोन दिवसांनी आई वर आली, धापा टाकत, आणि म्हणाली, तो म्हणतोय नियम लिहून पाठव. मी प्रोटोकॉल पाठवला. परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलने तीन ठिकाणी "हे संदिग्ध आहे" असं लिहिलेलं होतं. मला संताप आला. मग बघितलं तर तिन्ही ठिकाणी ते खरोखरच संदिग्ध होतं. (सरांच्याही नजरेतून सुटलं होतं.) मी दुरुस्त केलं आणि काम सुरू झालं.

कसं ते बघ. अशा कामासाठीच्या एका वेबसाइटवर दोघांची वेगवेगळी खाती. मला त्याचे निर्णय दिसत नाहीत, त्याला माझे दिसत नाहीत. दिसते फक्त एक पट्टी, दुसऱ्याचं काम कुठवर आलंय ती. मी वरच्या खोलीत, तो खाली दवाखान्यात, रुग्णाची हिरडी बधीर व्हायला वेळ लागतो तेवढ्यात. त्याची पट्टी सरकली की मला चेव यायचा. माझी सरकली की, आई सांगायची, तो चहा अर्धा ठेवून पुन्हा पडद्यासमोर बसायचा. आईवर तर मला वेगळी बंधनं घालावी लागली. ती सहज म्हणायची, काल त्याने भराभर वगळले हं! मी कानावर हात ठेवायची. शेवटी आईसाठी एक नियम ठरला: जिन्यावरून चहा, कपडे, किल्ल्या आणि काळजी यांची ने-आण करायला हरकत नाही, पण माहितीची करायची नाही. आईने तो किती पाळला हे मी सांगू शकत नाही. पण वर्षभरात पहिल्यांदाच ती जिना चढताना गुणगुणत होती.

गेल्या महिन्यात दोघांचं वाचून झालं आणि सरांच्या खोलीत पडदा उठला. दोघांचं किती जमलं याचा एक आकडा निघतो, त्याला कॅप्पा म्हणतात. नुसत्या योगायोगाने जेवढं जमलं असतं तेवढं वजा करायचं, आणि उरलेलं खरं जमणं मोजायचं. पूर्ण जमलं तर एक. सर आणि त्यांचे एक सहकारी रोज एकत्र डबा खातात, त्यांचा कॅप्पा एकदा निम्म्याच्या थोडासा वर आला होता आणि त्यांनी तो आनंदाने छापला होता. आमचा एकाला जवळजवळ टेकलेला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे संशयाने बघून विचारलं, तुम्ही आपसात बोललात का? मी म्हटलं, सर, वर्ष झालं, एक शब्द नाही. आणि आत्या, हसून सांगायला गेले आणि डोळे पुसत बसले. सर पहिल्यांदाच "कशावरून?" म्हणाले नाहीत. त्यांनी खिडकीतल्या पुठ्ठ्याकडे तोंड फिरवलं आणि मला जरा वेळ दिला.

आणि नुसते निर्णय नाहीत, वगळण्याची कारणंसुद्धा तीच. एका लेखापुढे मी लिहिलं होतं, लेखकालाच खात्री दिसत नाही. त्याने लिहिलं होतं, लेखक स्वतःच साशंक. सगळी टिपणं मी घरी येऊन वाचली, आणि वाचताना मला त्याचा आवाज ऐकू येत होता, तो लहानपणी गोष्टीच्या पुस्तकावर वैतागायचा तसा. एका ठिकाणी मात्र निर्णयाच्या रकान्यात त्याने "कदाचित" ठेवलं होतं आणि खाली टीप होती: "मला पुरतं कळलं नाही. पण तिला कळेल. हे काम तिचं आहे आणि ती ते नीट करते आहे." ही टीप मला कधीतरी दिसेल हे त्याला बहुतेक ठाऊक नव्हतं. मी त्या पानाची छापील प्रत काढून माझ्या कपाटात ठेवली आहे. पुरवणी म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही.

आता उरले आहेत फक्त मूठभर लेख, ज्यांवर आमचं जमलेलं नाही. नियम असा आहे की दोघा परीक्षकांनी समोरासमोर बसून चर्चा करावी, आणि तसं शक्य नसेल तर तिसऱ्याने निवाडा द्यावा. आमची परिस्थिती तुला माहीत आहे. या कामी तुझ्याइतकं लायक माणूस दुसरं नाही. सुट्टीत तुझ्याकडे आलो की आमचा निवाडा तूच करायचीस (म्हणजे करायची नाहीसच, दोघांना कोठीच्या खोलीत घालून कडी लावायचीस आणि म्हणायचीस, दोघं मिळून एक उत्तर घेऊन बाहेर या). त्यामुळे सर्व दृष्टींनी विचार करून मी तुझं नाव सरांना सुचवलं आहे आणि त्यांनी ते मान्य केलं आहे.

गुडघ्याला जप. चष्म्याचा नंबर तपासून घे. आईचा तुला नमस्कार, ती आत्ता जिन्यात आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. तर अधिकृत विनंती अशी: या आढाव्यासाठी तिसरी परीक्षक म्हणून काम करण्यास तुझी संमती असल्याचं कृपया दोन ओळींत कळव. वादातले लेख मी तुला छापून पाठवेन. म्हणजे दादाला आणि मला एका खोलीत बसायची वेळ येणार नाही आणि सगळं सुरळीत होईल.

ता. क. २. आत्या, वरच्या ता. क.ला नाही म्हण. डोळ्यांचं कारण सांग, गुडघ्याचं सांग, वाटेल ते सांग, पण नाही म्हण, आणि दोघांच्या नावाने एकच पत्र लिहून आम्हाला तुझ्याकडे बोलावून घे. मी आपण होऊन त्याच्याकडे गेले आणि तो पुन्हा भिंतीला चिकटून उभा राहिला तर मला सोसायचं नाही. तू बोलावलंस तर दोघांनाही यावंच लागेल. लेख मी बरोबर आणते. आम्हाला कोठीत घाल. (त्या कोठीची कडी कधी लागतच नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. ढकललं असतं तर दार उघडलं असतं. मी ढकलत नव्हते. दादाला सांगू नकोस.)

ता. क. ३. (हे अक्षर माझं आहे, आत्या. दादा.) आईने हे पाकीट खाली आणलं, म्हणाली, तुझ्याकडे डिंक आहे का, चिकटवायचं राहिलंय. डिंकाची बाटली वर धाकटीच्या टेबलावर आहे, आईनेच परवा विकत आणली. मी फक्त शेवट वाचला. (सगळं वाचलं. दोनदा.) काही दुरुस्त्या. लेख मी हिरडी बधीर होईपर्यंतच तपासले, रुग्णाच्या तोंडात हात असताना एकही नाही. सोफा मऊ आहे हे मान्य. आणि तिच्या खोलीच्या बरोबर खाली मी झोपतो, सकाळच्या त्या उड्या आजवर एकदाही ऐकू आलेल्या नाहीत, तेव्हा तिच्या आढाव्यात तिला वगळलेल्यांत धर. बाकी, माझं पत्र तुला गेल्या आठवड्यात मिळालं असेल. त्यातही मी हेच मागितलं आहे: प्रोटोकॉलात तिसऱ्याची सोय आहे, तेव्हा ती तुला तिसरी परीक्षक हो म्हणेल, तू नाही म्हण आणि दोघांना बोलाव. तेव्हा दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघ, आपसात न बोलता दोघांचा निर्णय एकच आला आहे. तिला आत्ता काही सांगत नाही, निकाल उघडेपर्यंत बोलायचं नाही असा तिचाच नियम आहे. आम्ही येतो. केक असेल तर झाकून ठेव. आणि कडीचं मीही माझ्या पत्रात लिहिलं आहे, मागच्या पानावर, अगदी तळाला. पडताळून बघ.